सगळ्यांना एकच दोरा

४ मार्च, सकाळी. दुकान उघडायच्या आधी.

आजपासून रोज लिहायचं. माईंनी सांगितलंय. परवा हॉलमध्ये प्रवचनात म्हणाल्या, संकट म्हणजे आतल्या वाढीचं खत. ज्याच्या वाट्याला संकट, त्याचीच वाढ. रोज काय सोसलं आणि त्यातून काय शिकलात ते लिहा, कोणाला दाखवू नका. मला इतका आनंद झाला की बसल्या जागी टाळीच वाजवली. पुढच्या बाईने वळून बघितलं. बघू दे. सोसण्यात माझा हात कोण धरणार? घरात सून, दुकानात गिऱ्हाईक, रस्त्यापलीकडे ती नवी लॉन्ड्री. खतच खत.

वही नातीने दिली. पुढून तिचा भूगोल आहे, मागून मी. चार बुकं शिकले तेवढ्यावर लिहिणार. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाचणार कोण? मीच.

निश्चय: रागवायचं नाही. आजपासून. दुकान उघडल्यापासून धरू, कारण सकाळी दूधवाल्याशी जरा झालं.

४ मार्च, दुपारी.

राग आला नाही. वकील आला होता, कोटाचं बटण गेलं म्हणून. मी शांतपणे सांगितलं की बटण आमच्याकडे आलंच नव्हतं, आणि तुमच्या पोटाकडे बघता ते बिचारं कोर्टातच जीव देऊन मोकळं झालं असेल. तो म्हणाला, आजी, तोंड सांभाळा. मी म्हटलं, तोंड सांभाळून सांभाळूनच म्हातारी झाले. कोट घेऊन गेला तरातरा. दार आपटलं. मी दाराला सुद्धा काही बोलले नाही.

माझ्यात फरक पडतोय. एका दिवसात.

५ मार्च.

आमच्या लॉन्ड्रीतली पद्धत लिहून ठेवते, कारण ती सगळ्या जगात फक्त माझी आहे. समोरचे ते कपड्याला कागद चिकटवतात. पाण्यात कागद टिकेल का? आमच्याकडे दोरा. कपडा आला की आतल्या बाजूला, कॉलरखाली किंवा कोपऱ्यात, मी एक टाका घालते. रंगावरून गिऱ्हाईक ओळखायचं. लग्न करून आले तेव्हा मला नावं लिहायला वेळ लागायचा. हे म्हणाले, तुझं अक्षर येईस्तोवर गिऱ्हाईक म्हातारं होईल, तू आपला दोरा घाल. हे गेले, दोरा राहिला. आजवर एक रुमाल इकडचा तिकडे गेलेला नाही.

रंग मी स्वभावावरून ठरवते. म्हणजे लक्षात राहतात. लाल म्हणजे तापट. पिवळा म्हणजे चिक्कू. हिरवा म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणारा. काळा म्हणजे तोंडाने फाटका. कोणाचे दोन रंग असतात. वकिलाचे तीन आहेत. लॉजच्या चादरींना जांभळा, कारण तिथला मॅनेजर स्वतःला राजा समजतो. डॉक्टरीणबाईंना पांढऱ्या कोटावर निळा: थंड, पण हात लावला की दचकवणारी. हे कोणाला सांगितलेलं नाही. नातीला तेवढं सांगितलंय, ती लहान आहे, पोटात ठेवते.

असो. आज राग आला नाही. आवाज चढला होता, पण ड्रायर चालू होता म्हणून.

७ मार्च.

आलं! संकट आलं! किती वाट बघितली.

लॉजचा मॅनेजर सकाळी आला आणि माझ्याशी न बोलता सरळ आत माझ्या मुलाकडे गेला. म्हणे मागच्या आठवड्यात मी भर दुकानात, चार माणसांसमोर, त्याच्या चादरी उघडून दाखवल्या आणि विचारलं की तुमच्याकडे माणसं झोपायला येतात की मासे साफ करायला. विचारलं होतं. डागच तसे होते. खरं बोललेलं झोंबतं. तर म्हणतो, काउंटरवर दुसरं कोणी बसवा, नाहीतर मी समोर जातो.

तो गेल्यावर मुलगा माझ्यासमोर स्टूल घेऊन बसला. तो स्टूल घेऊन बसला की वाईट बातमी असते. म्हणाला, आई, लॉजच्या चादरींवर आपली मोठी मशीन चालते, चादरी गेल्या तर मशीन विकावी लागेल. मी त्याच्याकडून हा महिना मागून घेतलाय. या महिन्यात एक जरी भानगड झाली तर तू वर आराम कर आणि काउंटरवर ही बसेल.

ही म्हणजे माझी सून. ती मागे चादरीची घडी घालत उभी होती. काही बोलली नाही. बोलायला कशाला पाहिजे, शिकवणारीने आधीच शिकवलेलं असतं. कानामागून आली आणि तिखट झाली.

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे जाणार होती. मी वाटेतच थांबवली, गुडघ्यापाशी. आणि मग आनंद झाला. एवढं मोठं संकट माझ्या नावाने! लग्न झाल्यापासून ज्या खुर्चीत बसले तीच पणाला लागली. याच्याहून चांगलं खत कुठलं?

८ मार्च.

हॉलमध्ये सगळ्यांनी आपापलं संकट सांगायचं होतं. मी पहिला हात वर केला. माईंनी बटणवालीला आधी घेतलं.

बटणवाली म्हणजे कोपऱ्यावर बटणं आणि लेस विकते ती. माझी मैत्रीण आहे, पण माणसाने संकटं किती करावीत याला काही हद्द? नवरा पळून गेला. दुकान जळलं. मग गुडघा. बोलायला लागली की बायका पदराला, रुमालाला, मिळेल त्याला डोळे पुसतात. माई तिचा हात हातात घेतात. तिला मेलीला संकटांचा काय तोटा! आयतं सगळं मिळालंय.

माझी पाळी आली तेव्हा मी सून, वकील, मॅनेजर सगळं सांगितलं, खुर्चीचं सुद्धा. माई ऐकून म्हणाल्या, ताई, यातलं तुमच्याकडून किती आणि त्यांच्याकडून किती, ते एकदा बघा. मी म्हटलं बघितलं, सगळं त्यांच्याकडून. त्या हसल्या. पुढच्या बाईला घेतलं.

मला वाईट वाटलं नाही. पांढरा पायघोळ अंगरखा घातला की माणसाला वाटतं आपण सगळं बघू शकतो. तो अंगरखा धुतं कोण? मीच.

११ मार्च.

निश्चय: दुकानात मौन. बोललंच नाही तर भानगड होणार कशी? स्वतःवरच खूश झाले. सुनेला सुचलं असतं का हे?

सकाळी बेकरीवाला आला. पीठ लागलेले सदरे. मी बोटाने विचारलं कधी पाहिजेत. त्याला कळेना. मी मनगटावर टकटक केली, मग आकाशाकडे बोट केलं, म्हणजे उद्या सूर्य उगवल्यावर. तो घाबरला. आत जाऊन सुनेला विचारलं की आजींना झटका वगैरे आला का. मग न्हावी आला. त्याचे टॉवेल नेहमीसारखे केसांनी भरलेले. मी फक्त एक केस उचलला आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरला. पुष्कळ वेळ धरला. तो म्हणाला, मावशी, शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

दुपारी मौन सोडलं. समोरच्या लॉन्ड्रीचा माणूस आमच्या दाराशी जाहिरातीचे कागद वाटत होता. अशा वेळी मौन म्हणजे पाप. काय बोलले ते लिहीत नाही. वही नातीची आहे.

१३ मार्च.

माई म्हणतात संकटाचे आभार माना. म्हणून आज सुनेला समोर बसवलं. ती स्टीम प्रेस बंद करून आली, घामाघूम. मी तिचा हात हातात घेतला, माई घेतात तसा, आणि म्हटलं, तू माझ्या आयुष्यातलं फार मोठं संकट आहेस. मी तुझी आभारी आहे. तुझ्यामुळे माझी वाढ झाली.

तिने पदराने घाम पुसला. मग म्हणाली, आई, चहा ठेवू का?

बघा. एवढं मोठं बोलले आणि पालथ्या घड्यावर पाणी. चहा मात्र चांगला केला होता. तिला म्हटलं नाही. डोक्यावर बसेल.

१५ मार्च.

नातीने पोटातलं ओठावर आणलं. वकिलाने सहज विचारलं म्हणे, की माझ्या कॉलरखाली हे लाल, काळे, हिरवे दोरे कशाचे? आणि आमची बाहुली गाणं म्हटल्यासारखी बोलली: लाल तापट, काळा तोंडाने फाटका, हिरवा लोकांच्या घरात डोकावणारा.

वकील काउंटरवर आला तेव्हा खरोखर तिन्ही रंगांचा झाला होता. म्हणाला, ही बदनामी आहे. मी म्हटलं, बदनामी कसली, आतल्या बाजूला तर आहे! बाहेर घातला असता तर गोष्ट वेगळी. तो ओरडला. मी ओरडले नाही, त्याला ऐकू जावं एवढंच बोलले. रस्त्यापलीकडून त्या लॉन्ड्रीवाल्याने खिडकी उघडली.

सून बाहेर आली. वकिलाची माफी मागितली. माझ्या देखत! त्याचा कोट स्वतः घडी करून दिला आणि म्हणाली की आई तुमची आठवण ठेवतात, म्हणून एवढे रंग. तो चक्क हसला. गेला.

मुलगा म्हणाला, आई, ही भानगड मोजू का? मी म्हटलं, ही भानगड तुझ्या मुलीची. तो म्हणाला बरं. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलंय. मशीनचं टेन्शन घेतो. त्याला पण हॉलला नेलं पाहिजे.

राग? नाही. फक्त कात्री काउंटरवर जरा जोरात ठेवली गेली, ती जड आहे म्हणून.

१६ मार्च.

मिळालं! अखेर मिळालं!

आज माई म्हणाल्या, माणसामाणसात भेद केला की तिथून राग उगवतो. हा असा, तो तसा, म्हणत बसाल तोवर वाढ नाही. सगळे सारखे बघा. माझ्या अंगावर काटा आला. त्या माझ्याशीच बोलत होत्या. इतकी वर्षं मी काय करत आले? प्रत्येकाच्या कॉलरखाली भेद शिवत आले! लाल काय, काळा काय. राग मी टाक्याटाक्याने साठवलाय. तो डब्यात आहे, रिळांच्या डब्यात.

बटणवालीच्या लक्षातही आलं नाही. ती रडत होती, कशाला कोण जाणे.

निश्चय: आता सगळ्यांना एकच दोरा. पांढरा.

१८ मार्च, दुपारी.

आजचा दिवस सोन्याचा. आठवड्याचे सगळे कपडे आले होते: लॉजच्या चादरी, डॉक्टरिणीचे कोट, खाटकाचे एप्रन, न्हाव्याचे टॉवेल, बेकरीवाल्याचे सदरे आणि पीठ चाळायची कापडं, माईंचा अंगरखा. मी बसून एकेक जुना दोरा कात्रीने काढला आणि पांढरा घातला. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! खाटकाचा काळा काढताना तर डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, जा बाबा, आजपासून तू आणि डॉक्टरीण एकच.

सून मशीन भरायला आली. एक कोट उलटा करून बघितला, मग दुसरा. म्हणाली, आई, रंग कुठे गेले? मी म्हटलं, मनातून गेले. ती म्हणाली, मग ओळखायचं कसं? मी म्हटलं, इतकी वर्षं हाताखालून गेलेत, मला कापड बघून माणूस कळतो. आणि ज्याचं असतं ते त्याला मिळतंच, असं माई म्हणतात. ती म्हणाली, आई, लॉजच्या चादरी तरी वेगळ्या धुऊ या, जांभळा राहू दे. मी म्हटलं, मॅनेजरला वेगळं काढायचं म्हणजे परत भेद. तिने परत विचारलं. मग मात्र मी तिच्याकडे असं बघितलं की ती सरळ मशीनकडे गेली.

माझी वाढ बघवत नाही तिला. चालायचंच. झाड वाढलं की सावली कोणावर तरी पडणारच.

१९ मार्च.

धुतले, वाळले, इस्त्री झाली. एका ठिकाणी एवढं पांढरं बघून प्रसन्न वाटलं. वाटणी मी स्वतः केली. सुनेला हात लावू दिला नाही. थोडं अडले, कारण इस्त्री झाली की खाटकाचा एप्रन बराच सभ्य दिसतो. पण डोळे मिटून हात पुढे केला की हात बरोबर जायचा. मुलाने गाडी भरून सगळ्यांकडे पोचवलं.

मन कसं शांत आहे. समोरच्याने हात हलवला तर मी पण हलवला. मूठ उघडी ठेवून.

२० मार्च.

निरोप यायला लागले आहेत.

डॉक्टरीणबाईंकडे खाटकाचा एप्रन गेला. त्याच्या पोटावरचे डाग कधीच निघत नाहीत, फिके गुलाबी होऊन राहतात. बाईंनी घाईत बांधला आणि पेशंटला आत बोलावलं. पेशंट उठून गेला. त्याच्यामागे बाकीचेही गेले. खाटकाच्या दुकानात उलटंच. तो डॉक्टरिणीचा कोट घालून उभा राहिला, तर एक आजोबा मटण राहिलं बाजूला, त्याला पाठ दाखवायला लागले. त्याने बघितली म्हणे. शेकायला सांगितलं.

यात वाईट काय झालं? एकीला समजलं की आपण पेशंटला कशा दिसतो, दुसऱ्याला मान मिळाला. ही वाढच की! मी मुलाला तसं म्हटलं. तो फोनवर होता, हाताने गप्प राहायची खूण केली. आईला.

लॉजकडून काही निरोप नाही. म्हणजे ठीक असणार.

२१ मार्च.

लॉजचा मॅनेजर आला. चादरी काउंटरवर टाकल्या. त्यांत न्हाव्याचे टॉवेल होते, चादरीच्या घडीत गेलेले. पाहुण्याने अंथरूण उघडलं आणि उशीवर दुसऱ्याचे केस. आणि टेबलावर अंथरायला जे कापड गेलं ते बेकरीवाल्याचं पीठ चाळायचं. मॅनेजर बोलत होता आणि त्याच्या तोंडातून थुंकी उडत होती. मी म्हटलं, साहेब, तुम्ही आता जांभळे राहिला नाहीत, सगळ्यांसारखे झालात, आनंद माना. तो म्हणाला, मी समोर जातो.

त्याला माझ्यापेक्षा चांगली संधी कोणी दिली असती? अशा माणसाचं काय करायचं! उंटावरचा शहाणा! चादरीत झोपतं दुसरंच कोणी आणि रुबाब याचा! जांभळाच बरोबर होता त्याला. जांभळ्यावर काळा पाहिजे होता!

हे रागाने लिहिलेलं नाही.

२२ मार्च, सकाळपासून.

सुनेने सगळे कपडे परत मागवले, दुकानात दोऱ्या बांधून हँगरवर लावले, आणि एकेकाला फोन करून सांगितलं की येऊन आपापले ओळखून न्या. सगळे एकाच वेळी आले. दुकान असं भरलं की दार मिटेना. मला क्षणभर वाटलं, हे माझं प्रवचन ऐकायला आले आहेत. म्हणून मी खुर्चीवर चढले.

म्हटलं, मंडळी, माझं-तुझं काय घेऊन बसलात. सदरा म्हणजे काय? वरचं कवच. आत सगळे एक. बेकरीवाला म्हणाला, आत एक असतील, कॉलर माझी सतराची आहे. खाटीक म्हणाला, आजी, खाली उतरा, पडाल. डॉक्टरीणबाईंनी घड्याळात बघितलं. निळा दोरा उगीच नव्हता.

आणि माई आल्या. मला वाटलं, आता माझी बाजू घेतील. तर त्यांचा अंगरखा न्हाव्याकडे गेला होता. न्हाव्याला वाटलं गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधायचं कापड आहे. बांधलं, आणि दोन दिवस त्यावर केस कापले. माईंनी तो दोन बोटांत धरला आणि झटकला. केस सगळ्या दुकानात उडाले. मग त्यांच्या तोंडून असा एक शब्द गेला की खाटीकसुद्धा दचकला.

मला एवढा आनंद झाला! माई रागावल्या आणि मी रागावले नाही! मी पुढे गेले, प्रेमाने म्हटलं, माई, खत समजा. मग त्या आणखी काही बोलल्या. नातीच्या शाळेच्या वहीत येणार नाही.

तेवढ्यात सून मध्ये आली. माईंच्या हातून अंगरखा घेतला, म्हणाली, माझ्या हाताने धुऊन उद्या आणून देते. बेकरीवाल्याचे सदरे मापून दिले. खाटकाला हसवलं. डॉक्टरिणीला खुर्ची दिली, माझीच, मी उतरले होते. मॅनेजरला फोन लावला आणि तो बोलत होता तोवर फोन नुसता कानाला धरून उभी राहिली, होय साहेब, होय साहेब. सगळ्यांनी तिच्यावर ओरडून घेतलं. तिचा आवाज एकदाही चढला नाही. ड्रायर चालू होता तरी.

माई थंड झाल्या. तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, बाळ, एवढं सोसणं कुठे शिकलीस? कोणाच्या प्रवचनाला जातेस?

सून म्हणाली, कुठे नाही. सवय आहे.

सगळे हसले. खाटीक तर गुडघ्यावर थाप मारून. मीही हसले, सगळे हसताना एकटं कसं बसायचं. नात हसली नाही, माझ्याकडे बघत होती.

सवय कसली? मशीनच्या आवाजाची असेल. ड्रायर फार आवाज करतो.

२३ मार्च.

मुलगा स्टूल घेऊन बसला.

२५ मार्च. वरच्या खोलीतून.

आराम करते आहे. सगळं हातात मिळतं. खिडकी आहे, खिडकीतून दुकानाचं दार दिसतं. माझी खुर्ची वर आणून ठेवलीय, म्हणजे मला बरं वाटावं. खुर्चीपुढे काउंटर नसला की ती साधी खुर्ची असते हे मला माहीत नव्हतं.

सून काउंटरवर बसते. कपड्याला कागद चिकटवते. पाण्यात टिकणारा कागद निघालाय म्हणे. मॅनेजर परत आला, चादरी घेऊन. सुनेने काय सांगितलं कोण जाणे. मुलगा काल जेवताना बोलत होता, बऱ्याच दिवसांनी.

निश्चय: हेच खरं संकट. आता खरी वाढ. रागवायचं नाही, आनंदात राहायचं. आनंदात आहे.

२७ मार्च.

वकील हसत बाहेर गेला. दार हळू लावलं. माझ्या वेळी कधी लावलं नाही.

वर येऊन कोणी विचारत नाही, आजी, माझे कपडे झाले का. सुनेने विचारलं, आई, वकिलाचा जुना कोट कुठल्या प्रेसवर घ्यायचा. मी म्हटलं, माहीत नाही. माहीत होतं. लोकरी आहे, ओलं फडकं वर टाकून घ्यायचा. तिने तसाच घेतला. जिन्यावरून वाकून बघितलं.

२९ मार्च.

बटणवाली जिना चढून आली, गुडघा दुखत असताना. माईंनी निरोप दिलाय. झालं गेलं विसरल्या. म्हणाल्या, ताईंना आता खरं संकट मिळालं, मंगळवारी त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं की यातून काय वाढ झाली. बटणवाली म्हणाली, मला कधी बोलावलं नाही गं उभं राहून बोलायला, बसूनच बोलते. तिने माझा हात हातात घेतला. पुष्कळ वेळ सोडला नाही. ती गेल्यावर लक्षात आलं की तिला मी कधी विचारलंच नाही, नवरा गेला तेव्हा तिला कसं वाटलं.

उद्या लिहिते भाषण.

३० मार्च, सकाळी.

या संकटातून मी काय शिकले:

३० मार्च, दुपारी.

या संकटातून मला असं मिळालं की

३१ मार्च.

काही मिळालं नाही. काही शिकले नाही. खोटं कोणासाठी लिहायचं, वाचणारी मीच.

मला राग आलाय. मुलाचा, सुनेचा, मॅनेजरचा, माईंचा, त्या कागदाचा. सून चांगली आहे याचा सगळ्यांत जास्त. मंगळवारी जाणार नाही. वाढ बटणवालीला द्या, तिला सवय आहे.

मला काउंटर पाहिजे. एवढंच. खाली कोणीतरी हसतंय आणि मला इथून ऐकू येत नाही की कशाला.